रँक विकणे थांबवा : सांगली-मिरजेतील गेमिंग कॅफेचालकांना आणि स्पर्धा आयोजकांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाड येथील गेमिंग कॅफेचे चालक व ईस्पोर्ट्स म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचे आयोजक यांस

विषय : पैसे घेऊन दुसऱ्याच्या खात्याची रँक वाढवून देण्याच्या व्यवहाराबाबत

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी विश्रामबागेत मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि वेळ मिळेल तेव्हा संगणकावरचा व्हॅलोरंट आणि मोबाइलवरचा बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हे नेमबाजीचे ऑनलाइन खेळ खेळते. माझ्या वर्गातली बरीच मुले तुमच्याही ओळखीची आहेत. शनिवार-रविवारी ती तुमच्या कॅफेत बसतात, तुमच्या स्पर्धांचे फॉर्म भरतात आणि जिंकली की आधी तुम्हाला सांगतात, मग मला. ऑनलाइन खेळांनी पिढी बिघडवली असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या खेळांना नजर लागते, हात लागतो, चार जणांशी जुळवून घ्यावे लागते आणि हरल्यावर पुन्हा उभे राहावे लागते. हे सगळे मला मोलाचे वाटते, म्हणूनच एका गोष्टीबद्दल तुमच्याशी उघडपणे बोलणे भाग आहे. आपल्या शहरात रँक विकली जाते आणि हा व्यवहार पुष्कळदा तुमच्या कॅफेत ठरतो.

हे पत्र पालकही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या खेळांत प्रत्येक खेळाडूला त्याच्या कामगिरीप्रमाणे पायरी, म्हणजेच रँक, मिळते. व्हॅलोरंटमध्ये आयर्नपासून रेडियंटपर्यंत अशा नऊ पायऱ्या आहेत; खालून तिसरी सिल्व्हर, सहावी डायमंड आणि आठवी इमॉर्टल. बीजीएमआयमध्ये त्या ब्राँझपासून सुरू होतात आणि सर्वांत वरची कॉन्करर ही पायरी सर्व्हरवरच्या पहिल्या ५०० खेळाडूंसाठीच असते. जिंकत गेले की वर, हरत गेले की खाली, हा साधा हिशेब. पैसे घेऊन ही पायरी वर नेऊन देण्याला बूस्टिंग म्हणतात, आपल्याकडची मुले 'पुश' म्हणतात. एका प्रकारात गिऱ्हाईक आपल्या खात्याचा पासवर्ड देते आणि पटाईत खेळाडू त्याच्या नावाने खेळतो. दुसऱ्या प्रकारात गिऱ्हाईक स्वतःच खेळते, पण त्याच्या संघात असा पटाईत खेळाडू एखाद्या खालच्या रँकच्या खात्यावरून उतरतो आणि सगळा सामना एकट्याच्या जोरावर ओढून नेतो.

एका कॅफेत कोपऱ्यातल्या मशीनच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी मी जवळून पाहिली आहे. डावीकडे मुलांची टोपणनावे, मध्ये आजची रँक, उजवीकडे हवी असलेली रँक, आणि ज्यांचे काम झाले त्यांच्या नावावर आडवी रेघ. की-बोर्डखाली दुमडून ठेवलेल्या कागदावर त्याच मुलांचे पासवर्ड पेनाने लिहिलेले होते. येणारे-जाणारे कुणीही तो कागद उचलू शकले असते. कॅफेच्या दारावर तासाचे दर लावलेले असतात, त्याच्याच खाली 'रँक पुश करून मिळेल' असे लिहिलेले मला एकाहून अधिक ठिकाणी दिसले आहे.

ही रँक मुळात कशासाठी असते हे सांगलीकरांना समजावून सांगावे लागू नये असे मला वाटते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळाने या शहरात बुद्धिबळ रुजवले, वाढवले, आणि सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणण्याइतके मोठे केले. रेटिंग म्हणजे खेळाडूचे बळ दाखवणारा आकडा, हे इथल्या कितीतरी घरांत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही पद्धत बसवली, अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये. तिचे गणित असे आहे की दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्या खेळाडूकडून १०० डावांत सुमारे ७६ गुणांची अपेक्षा धरली जाते, आणि अंतर ४०० असेल तर सुमारे ९१ गुणांची. तुमच्या मशीनवरचे खेळ खेळाडूंची गाठ घालून देताना जे गणित वापरतात त्यात पुढे पुष्कळ भर पडली आहे, तरी त्याचा गाभा एलोंच्या याच विचारात आहे: आकड्यावरून जिंकण्याची शक्यता आधी काढता येते, म्हणून दोन्ही बाजूंना जवळपास सारखी संधी मिळेल अशी गाठ घालता येते.

या पद्धतीत गुण आकाशातून पडत नाहीत, ते समोरच्याकडून येतात. बुद्धिबळात २० चा गुणक (एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलू शकते तो आकडा) असलेल्या दोन खेळाडूंमध्ये १५०० रेटिंगवाल्याने १७०० वाल्याला हरवले तर एकाच्या खात्यात सुमारे १५ गुण जमा होतात आणि दुसऱ्याच्या खात्यातून तेवढेच वजा होतात. ऑनलाइन खेळांत हा हिशेब इतका तंतोतंत दिसत नाही, पण एका संघाची रँक वर जाते तेव्हा दुसऱ्या संघाची खाली येते, हे तिथेही खरेच आहे. तेव्हा 'पैसे त्याचे, खाते त्याचे, यात तिसऱ्याचे काय गेले' हा जो प्रश्न मला तुमच्यापैकी काहींनी विचारला, त्याचे उत्तर या हिशेबातच आहे.

समजा, सिल्व्हरमधल्या एका मुलाने पुश करून घेऊन डायमंड गाठले. व्हॅलोरंटमध्ये सामना पाच विरुद्ध पाच असतो. त्या मुलाच्या नावाने इमॉर्टल दर्जाचा खेळाडू सिल्व्हरमध्ये उतरतो, तेव्हा समोरच्या पाच जणांनी कितीही जीव ओतला तरी त्यांच्या हातात फारसे काही उरत नाही. ती पाच जणे दिवसभराचे काम किंवा अभ्यास उरकून अर्धा-पाऊण तास खेळायला बसलेली असतात. ज्याच्याशी त्यांची गाठ पडायलाच नको होती त्याच्याकडून ती हरतात, आणि हरल्याचे गुण मात्र त्यांच्या नावावर कायम राहतात. डायमंडपर्यंत पोचायला असे कितीतरी सामने लागतात आणि प्रत्येक सामन्यात नवी पाच जणे समोर असतात. मग काम संपते, पैसे मिळतात, आणि खरा मालक खात्यावर परत येतो. आता तो डायमंडच्या सामन्यांत बसतो, आणि या वेळी भरडले जातात ते त्याचेच सोबती. चार जणांना पाचव्याचा भार वाहावा लागतो, तो कुठे उभा राहावे हे जाणत नाही, आवाजावरून पावले ओळखत नाही, आणि त्याच्यामुळे हरलेल्या सामन्यांचे गुण त्या चौघांच्या खात्यातून जातात. खाते हळूहळू पुन्हा आपल्या मूळ जागी घसरते, तोवर चढताना समोरच्यांचे आणि उतरताना सोबत्यांचे असे दोन्हीकडचे नुकसान होऊन गेलेले असते. ती माणसे तुमच्या कॅफेत नसतात, त्यांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत, कदाचित ती नागपूरला असतील किंवा चेन्नईला. म्हणून त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

आपल्या भागात कुस्तीचे मैदान भरते तेव्हा जाणती माणसे आधी बसून जोड लावतात. कुंडलच्या मैदानासारख्या मोठ्या मैदानापासून गावच्या जत्रेपर्यंत हा रिवाज आहे. रेवड्यांवर लढणाऱ्या चिमुरड्या पोरांची जोडसुद्धा अंगकाठी आणि वय पाहून लावली जाते, कारण बेजोड कुस्ती लागली तर प्रेक्षकच हरकत घेतात. ऑनलाइन खेळात जोड लावण्याचे काम रँक करते. ती विकत मिळू लागली की जोड लावणाऱ्याच्या हाती चुकीचे वजन पडते, आणि इथे हरकत घ्यायला मैदानाभोवती कुणीही बसलेले नसते.

विकत घेणाऱ्या मुलाबद्दलही मला तितकीच काळजी वाटते. ज्या पायरीवर आपण खरे उभे असतो तिथे चुका करायला जागा असते, समोरचा आपल्यासारखाच असतो, आणि एखादी युक्ती फसली तरी पुढच्या फेरीत ती सुधारून पाहता येते. वर्गात मी हे रोज बघते. रेटिंगने थोड्या वरच्या मुलाशी खेळवले की मूल शिकते, फार वरच्याशी खेळवले की आपण कुठे चुकलो हेच त्याला कळत नाही. पुश करून वर गेलेल्या मुलाला प्रत्येक सामन्यात सोबत्यांच्या शिव्या खाव्या लागतात, आणि आपण इथले नाही हे त्याला पहिल्या दोन फेऱ्यांतच उमगते. मग तो एक तर खेळ सोडतो, नाहीतर पुन्हा पैसे देतो. माझ्या ओळखीतल्या काही मुलांनी दुसरी वाट धरली आहे आणि ती तुमच्या उत्पन्नात दिसतही असेल.

याहून गंभीर गोष्ट पासवर्डची आहे. बीजीएमआय बंदीनंतर २०२३ मध्ये परत सुरू झाला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांचीच मर्यादा घालण्यात आली होती, तेव्हापासून पुष्कळ मुले घरातल्या मोठ्यांच्या खात्यावरून खेळताना मी पाहते. माझ्याकडे येणाऱ्या नववीतल्या एका मुलाचे असेच होते. त्याचे खेळातले लॉगिन आईच्या गुगल खात्याने होते. पुश करून देणाऱ्याने पासवर्ड मागितला, त्याने तो दिला, आणि पडताळणीसाठी आईच्या फोनवर आलेला कोडही वाचून दाखवला. काही दिवसांनी पासवर्ड बदललेला आढळला, पाठोपाठ खाते परत मिळवण्यासाठी जोडलेला फोन नंबरही बदलला गेला होता. खेळातली रँक आणि खेळातल्या पात्राचे कपडे गेले, हे मुलाचे दुःख. आईचे वेगळेच होते. त्या खात्यात तिच्या बचत गटाचे वर्षाचे हिशेब होते, बँकेचे ईमेल होते, आणि लेकीच्या लहानपणापासूनचे फोटो होते. ज्या कॅफेत हे काम ठरले तिथे आम्ही दोघी विचारायला गेलो, तेव्हा 'तो मुलगा आता इथे येत नाही' एवढेच उत्तर मिळाले. खेळाच्या कंपनीकडे तक्रार करायची सोय नव्हती, कारण खाते दुसऱ्याला वापरायला देणे हाच जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या नियमांचा भंग असतो आणि तक्रार करणाऱ्याचेच खाते आधी बंद होऊ शकते.

अशा वेळी पोलिसांकडे जाता येते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. आणि तुम्ही कॅफेचालकांनी हे लक्षात घ्यावे की भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. नववीतल्या मुलाकडून पुशसाठी पैसे घेतले आणि घरचे जाब विचारायला आले, तर 'त्यानेच कबूल केले होते' या म्हणण्याला काही आधार उरत नाही.

दुसऱ्या देशांत हा विषय कुठवर गेला आहे, तेही थोडक्यात सांगते. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून धंदा म्हणून बूस्टिंग करणे हा गुन्हा ठरवला. जून २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वॉनपर्यंत दंडाची तरतूद लागू आहे. ब्लिझार्ड या गेम कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला आपल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात संघटितपणे बूस्टिंग विकणाऱ्या मंडळांना मनाई केली. पटाईत खेळाडू खालच्या पायरीवर जी दुय्यम खाती वापरतात त्यांच्यावर व्हॉल्व्ह या कंपनीने २०२३ मध्ये कारवाई केली आणि आपल्या डोटा २ या खेळातली अशी ९०,००० खाती बंद केली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ईस्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली. बूस्टिंगचा उल्लेख त्यात नाही. पण ज्या खेळाचा निकाल शरीराची चपळाई, बुद्धीची तल्लखी आणि डावपेच यांवर ठरतो तो ईस्पोर्ट, असे तो कायदा सांगतो. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धांपासून ईस्पोर्ट्सला पदके मिळू लागली आहेत. उद्या सांगलीचा एखादा संघ जिल्ह्याबाहेर खेळायला गेला, तर त्याची रँक खरी आहे की कोपऱ्यातल्या मशीनवरून आलेली, हा प्रश्न त्याला कुणी विचारू नये असे मला मनापासून वाटते.

जी मुले रात्र रात्र बसून हे पुशचे काम करतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांतली काही इंजिनिअरिंगला आहेत, काही शिकून घरी बसली आहेत. त्यांच्या हातातले कौशल्य अस्सल आहे आणि त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत. घरच्यांनी 'गेम खेळून काय मिळते' असे वर्षानुवर्षे ऐकवलेल्या मुलाला पहिल्यांदा त्या खेळाचे चार पैसे मिळतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल हे मी समजू शकते. पण हेच कौशल्य शिकवूनही विकता येते. माझा सगळा चरितार्थ त्यावर चालतो. हरलेल्या डावाची चाल न् चाल लिहून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी जाणत्या माणसाने शेजारी बसून 'इथे घोडा का हलवलास?' असे विचारायचे, याच रीतीने या शहरात बुद्धिबळपटू घडले. व्हॅलोरंटच्या सामन्याचे रेकॉर्डिंग घेऊन तेच करता येते. खिडकीतून आधी कुणी डोकावायचे, धूर कुठे टाकायचा, खेळातले पैसे कमी असताना कोणती बंदूक घ्यायची, हे सिल्व्हरमधल्या मुलाला इमॉर्टलवाल्याने तासभर समजावून दिले तर त्याची फी कुणीही आनंदाने देईल, आणि त्यातून मिळालेली रँक त्या मुलाचीच असेल. तुमच्याकडे मशीन आहे, जागा आहे, शिकवू शकणारी मुले आहेत. ज्या कोपऱ्यात ती चिठ्ठी चिकटवलेली आहे तिथे दोन खुर्च्या शेजारी शेजारी टाकल्या तर काम भागते.

दोष एकट्या तुमचा नाही हेही मान्य. कंपन्या ठराविक काळाने सगळ्यांची रँक खाली आणतात, मोसम संपताना रँकप्रमाणे बक्षिसे वाटतात, आणि परीक्षेच्या काळात ज्याला खेळायला वेळ मिळाला नाही तो मागे पडतो. मुलांना घाई व्हावी अशीच ही रचना आहे. ती बदलणे आपल्या हातात नाही.

स्पर्धांचे नियम मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत. आयोजकहो, आता तुमच्याकडे वळते, कारण या मागणीचे एक मूळ तुमच्या फॉर्ममध्ये आहे. 'किमान डायमंड', 'रँकचा स्क्रीनशॉट जोडावा' अशी अट घातली की प्रवेशासाठी रँक लागते, आणि स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना ती मिळवायचा एकच मार्ग मुलांना दिसतो. त्या अटीमुळे चांगला खेळणारा पण वेळ कमी मिळणारा मुलगा बाहेर राहतो आणि पैसे मोजणारा आत येतो. रँकवरून संघांची मानांकने ठरवली की पहिल्या फेरीच्या लढतीही चुकीच्या लागतात. त्याऐवजी सगळ्यांसाठी खुली पात्रता फेरी घ्या, ती कॅफेतल्या मशीनवर आणि पंचासमोर खेळवा, शाळा-कॉलेजचे ओळखपत्र पाहून खेळाडूला बसवा, आणि मानांकने त्या फेरीच्या निकालावरून ठरवा. एक दिवस जास्त लागेल, थोडा खर्चही वाढेल. पण त्या फेरीत मागे पडलेल्या मुलालाही आपण नक्की कुठे आहोत ते कळेल.

कॅफेचालकांकडे माझ्या मागण्या फार नाहीत. दारावरची ती ओळ काढून टाका. तुमच्या मशीनवर बसून कुणी दुसऱ्याच्या खात्याने पैसे घेऊन खेळत असेल तर त्याला समज द्या, आणि पासवर्ड लिहिलेले कागद तुमच्या जागेत दिसले तर ते फाडून त्या मुलांना पासवर्ड बदलायला सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांकडून अशा कामाचे पैसे घेतले जात असतील तर ते आजच बंद करा, आणि घेतलेले पैसे शक्य असेल तर घरच्यांना बोलावून परत द्या. शिकवणीचे तास सुरू करायचे असतील तर त्यांचे दर दारावर ठळक अक्षरांत लावा, मी माझ्या वर्गातल्या पालकांना तुमच्याकडे आपणहून पाठवीन.

येत्या स्पर्धेच्या फॉर्ममधला रँकचा रकाना काढून सुरुवात करता आली तर फार बरे होईल. पात्रता फेरीला पंच कमी पडत असतील तर मी आणि माझे काही मोठे विद्यार्थी रविवारी विनामूल्य यायला तयार आहोत, त्यांना दोन दिवस आधी नियम समजावून द्यावे लागतील इतकेच. उत्तराची वाट पाहते.

कळावे,

आपली,
विश्रामबाग, सांगली येथील एक बुद्धिबळ प्रशिक्षिका